ताप उतरला की मोजणी?

बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या माणसाला बैहरचा ताप कळतो तो आकड्यातून. वारासिवनी, कटंगी, लालबर्रा ही धानाची सपाटी सोडून घाट चढला की सालाचं रान लागतं, बैगा-गोंडांची गावं लागतात, पुढं कान्हाचं मुक्की गेट येतं. हा सगळा हिवतापाचा जुना मुलूख. खालचा माणूस वर जातो तो बदली झाली म्हणून किंवा वाघ पाहायला. तिथं पावसाळ्यात किती जण हुडहुडी भरून पडले ते त्याला वर्ष सरल्यावर एका दशांश अपूर्णांकातून समजतं. हजार लोकसंख्येमागे वर्षभरात किती जणांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले, तो हा आकडा. सरकारी कागदावर त्याला एपीआय म्हणतात. तो एकच्या खाली उतरला की जिल्ह्याचा वर्ग बदलतो. व्याख्येत शब्द ‘सापडले’ असा आहे, ‘होते’ असा नाही, आणि पुढचं सगळं बोलणं या दोन शब्दांमधल्या जागेत चाललं आहे. बोलणारे दोघे कल्पित आहेत. मामाजी उभा जन्म सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या वाचून निवृत्त झालेले, म्हणून आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. भाची नागपुरात सार्वजनिक आरोग्य शिकलेली. तिला वाटतं, आकडा चुकीचा असला तरी त्याच्याकडून खरं वदवून घेता येतं. मला दोघांचं थोडंथोडं पटतं, आणि राहवलं नाही तिथं मी मध्ये बोलणार आहे. आकडे छापून आलेले आहेत. जे नुसते हिशेबापुरते धरले आहेत तिथं तसं सांगितलं आहे.

मामाजी : बाई, काचपट्टी टेबलावर येण्याआधी काय काय घडावं लागतं ते पाहा. वनग्रामात एकाला ताप भरला. पहिला दिवस तो अंगावर काढतो. दुसऱ्या दिवशी मंतरणाऱ्या गुनियाला बोलावतो. तिसऱ्या दिवशी झोलाछाप येऊन सुई टोचतो, चार गोळ्या देतो. त्यात अर्धवट मात्रेचं हिवतापाचं औषध असलं तर परजीवी मरत नाहीत, पण रक्तात इतके विरळ होतात की माझ्या पट्टीवर दिसत नाहीत. मग आशाताई येते; नाला भरून वाहत असला तर तीही येत नाही. ज्या गावाची पट्टी निघत नाही त्या गावात कागदावर हिवताप नसतो. हिशेबापुरती एक लाखाची वस्ती धर. पहिल्या साली बारा हजार पट्ट्या वाचल्या, २४० मध्ये परजीवी निघाले. दुसऱ्या साली माणसं कमी पडली, सहाच हजार पट्ट्या आल्या, १८० निघाले. एपीआय २.४ वरून १.८. जिल्ह्याच्या बैठकीत काय म्हणतील? पाव हिस्सा हिवताप घटला. मी म्हणतो, निम्मं शोधणं घटलं. असल्या आकड्याला मी काय म्हणून मान द्यावा?

भाची : मान देऊ नका मामाजी, उलटतपासणी घ्या. तुमच्याच कागदात दुसरा रकाना आहे. शंभर पट्ट्यांमागे पहिल्या साली दोन निघाल्या, दुसऱ्या साली तीन. एका रकान्यात रोग पाव हिस्सा घटला आणि दुसऱ्यात दीडपट झाला. आणखी एक शक्यता उरते. दर शंभर माणसांमागे वर्षाला दहा पट्ट्या काढायच्या असं उद्दिष्ट असतं. ते गाठायला ताप असो वा नसो, शाळेतल्या पोरांच्या बोटाला टोचून पट्ट्या भरल्या जातात. दुसऱ्या साली खरे तापकरीच तपासले असतील तर शंभरात सापडण्याचं प्रमाण आपोआप वाढणार, रोग जागच्या जागी असला तरी. म्हणजे एका कागदाची तीन वाचनं झाली. यातलं कुठलं खरं हे त्या आकड्यातून कधीच निघणार नाही. पट्ट्या कुठल्या गावांतून आल्या, कुठल्या महिन्यात आल्या, ताप असलेल्यांच्या किती, एवढं विचारलं तर निघेल. तुम्ही म्हणता आकडा निरुपयोगी आहे. मी म्हणते तो एकटा आहे, त्याचे साक्षीदार बोलवा.

इथं एक शब्द नीट लावून घ्यावा लागतो. संख्याशास्त्रात ज्याला अभिनती म्हणतात त्याचा मराठी बोलण्यात आपण पटकन ‘पूर्वग्रह’ करून टाकतो, आणि मग वाटतं की कुणीतरी मनात काही धरून आकडा फिरवला. तसं क्वचित असतं. बैहरच्या आकड्यात कुणाचाही कपटी हात नसताना तो झुकतो, कारण त्याला येण्याची वाटच उताराची आहे. म्हणून मी त्याला कल म्हणेन. तराजूचं एक पारडं मुळात जड असेल तर दहा वेळा तोला की हजार वेळा, चूक तीच आणि त्याच बाजूला राहणार. नमुना वाढवला की योगायोगाची चूक कमी होते, कलाची होत नाही. उलट मोठ्या नमुन्यामुळे चुकीच्या आकड्याभोवतीची संशयाची पट्टी अरुंद होते आणि तो जास्त खात्रीचा वाटू लागतो. ‘दहा लाख लोकांची तपासणी’ असं कुठं वाचलं की आपला विश्वास बसतो. खरं तर तिथं पहिला प्रश्न दहा लाख कोण हा असायला हवा.

विदर्भात आणि बालाघाटात या प्रश्नाचं उत्तर सिकलसेलनं दिलेलं आहे. हा आदिवासींचा आजार, म्हणून आदिवासी गावांत तपासायचा, म्हणून आदिवासींत सापडायचा, म्हणून हा आदिवासींचा आजार, असं ते चाक बरेच दिवस फिरलं. आदिवासींत तो खूप आहे यात शंका नाही. पण विदर्भात अनुसूचित जातींमध्ये तो भरपूर निघाला, कुणबी-तेली घरांतही निघाला, आणि निघाला तो तिथंही रक्त तपासलं तेव्हा. हिवतापाकडे परत येऊ.

मामाजी : तू कल म्हणतेस, ठीक. पण कल एकाच बाजूला असता तर मी गप्प बसलो असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अहवालात लिहिलं आहे की २०१६ मध्ये देशात जेवढा हिवताप झाला असावा त्यातला फक्त ८ टक्के आपल्या यंत्रणेच्या नजरेस आला. चला, आकडा खाली झुकलेला आहे, मान्य. पण आता पट्टीच्या जोडीला रक्त तपासायचं किट आलं. फॅल्सिपॅरम या परजीवीचं जे प्रथिन ते किट पकडतं ते रोगी बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. मागच्या महिन्यातला बरा झालेला माणूस या महिन्यात सर्दीनं तापला तरी किट त्याला हिवताप म्हणतं. हा कल वरच्या बाजूला झाला. आणि रोग विरळ झाला की हे आणखी बिघडतं. हिशेबापुरते हजार तापकरी धर. त्यात खरा हिवताप दहाच जणांना. किट शंभर आजाऱ्यांतले पंच्याण्णव पकडतं आणि शंभर निरोग्यांतल्या दोघांना उगाच आजारी ठरवतं, म्हणजे चांगलंच किट. तरी दहातले नऊ-दहा खरे, आणि नऊशे नव्वदांतले वीसेक खोटे. पॉझिटिव्ह आलेल्या तीसांत दोन तृतीयांश खोटे! तेच किट जिथं तापकऱ्यांत निम्म्यांना हिवताप आहे तिथं जवळपास बिनचूक. किट बदललं नाही, बाई, मुलूख बदलला.

भाची : हे तुम्ही माझ्या बाजूचं बोललात. परीक्षण किती चांगलं हे फक्त किटवर लिहिलेलं नसतं, ते कुणावर वापरलं यावरही ठरतं. पण तुमची बेरीज मला मान्य नाही. वरचा कल आणि खालचा कल आहेत म्हणजे दोन्ही मिळून धुकं, असं नाही. प्रत्येकाचं माप वेगळं आहे. शंभरातले ब्याण्णव नजरेआड जात असतील तर विरळ मुलखात वीस खोटे पॉझिटिव्ह आले म्हणून पारडं फिरत नाही. कल आहे एवढं म्हणून थांबायचं नसतं मामाजी, तो कुठल्या बाजूला आणि किती जड हे काढायचं असतं. आणि ८ टक्क्यांच्या आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते. उद्या शोधणं सुधारलं आणि ८ च्या जागी १६ टक्के सापडू लागले, तर रोग तेवढाच असताना आकडा दुप्पट होईल. चांगलं काम करणारा जिल्हा पहिल्या वर्षी वाईट दिसेल. बैठकीत त्याची खरडपट्टी निघेल.

मामाजी : निघतेच. म्हणून पुढच्या वर्षी तो जिल्हा शोधतच नाही.

मामाजींचा हा टोला भाचीला झेपण्यासारखा नव्हता, कारण तो संख्याशास्त्राच्या बाहेरून आलेला आहे. आकड्यावर बक्षीस-शिक्षा ठरली की मोजणाऱ्याचा हातही झुकतो. याला देशाच्या हिवतापाच्या इतिहासात मोठा दाखला आहे. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रोगी आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत नोंदी एक लाखाच्या आसपास आल्या, मृत्यू शून्य. दशकभरानं, १९७६ साली, तोच आकडा ६४ लाखांवर होता. मधल्या काळात डीडीटीला डास दाद देईनासे झाले, पैसा आटला, पुरवठा रखडला, ही कारणं खरीच. पण १९६५ चं ते शून्य वाचताना कुणी थांबलं नाही, हेही एक कारण धरायला हवं. डीडीटीनं रोग प्रचंड घटवला होता याबद्दल वाद नाही. साडेसात कोटी हा अंदाज होता आणि एक लाख ही नोंद, आणि या दोन वेगळ्या जातींच्या आकड्यांना एका रेषेनं जोडून यशाचा आलेख काढला गेला. आजही कुठल्याही अहवालात अंदाज आणि नोंद एका वाक्यात शेजारी बसलेले दिसले की वाचकानं पेन्सिल हातात घ्यावी.

भाचीनं पुढं जो विषय काढला त्यात मात्र दोघांच्या जागा बदलल्या, आणि मला या सगळ्या संवादात तोच भाग सर्वांत बोलका वाटतो.

भाची : मृत्यूंचंच बघा. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रभात झा यांच्या गटाचा अभ्यास आला. २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंची घरोघर चौकशी केली होती, देशभरच्या ६,६७१ नमुना क्षेत्रांत. घरच्यांनी सांगितलेली हकीगत लिहून घ्यायची आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता मृत्यूचं कारण ठरवायचं. त्यातून निघालं की सत्तरीच्या आत हिवतापानं वर्षाला दोन लाख पाच हजार माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटना तेव्हा पंधरा हजार म्हणत होती. सरकारी नोंद हजाराच्या आसपास.

मामाजी : हे मला आधीच ठाऊक होतं! हजार म्हणजे इस्पितळात, पट्टी निघून, डॉक्टरांनी लिहून झालेले मृत्यू. त्या अभ्यासातच आहे ना, की हिवतापाचे म्हणून धरलेल्या मृत्यूंत ८६ टक्के कुठल्याही दवाखान्याबाहेर झाले? बैगा इस्पितळात मरायला येत नाही, बाई. दोन लाख हाच खरा आकडा.

भाची : आत्तापर्यंत तुम्ही माझ्या प्रत्येक आकड्याला जामीन मागत होता. याला का नाही मागितला?

मामाजी : कारण तो मी पाहिलेल्या गोष्टीशी जुळतो.

भाची : आणि म्हणूनच तो जास्त तपासायला हवा. शव न पाहता, रक्त न तपासता, घरच्यांच्या सांगण्यावरून निदान केलं. ताप, थंडी, मग बेशुद्धी, मग मृत्यू. हा हिवताप असेल, मेंदूज्वर असेल, विषमज्वर असेल, न्यूमोनिया असेल. जागतिक आरोग्य संघटनेचा आक्षेप हाच होता. दोन लाखांच्या शेजारी एक पट्टा छापला आहे, सव्वा लाख ते दोन लाख सत्याहत्तर हजार. वाचणारा समजतो की खरा आकडा या पट्ट्याच्या आतच कुठंतरी आहे. पण तो पट्टा त्या दोन डॉक्टरांच्या सुरुवातीच्या निदानांवरून काढला आहे. दोघांचं जमलं का, की एकालाच वाटलं, यावरून. दोघं मिळून एकाच दिशेनं चुकले असतील तर ती चूक पट्ट्यात धरलेलीच नाही. एकमत झालं म्हणजे खरं ठरलं असं नसतं.

मामाजी : मग हे सांग. ज्या राज्यांत हिवताप जास्त, त्याच राज्यांत हे मृत्यू जास्त निघाले. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड. डॉक्टर आंधळेपणानं चिठ्ठी टाकत असते तर चुका देशभर सारख्या पडल्या असत्या. नकाशाबरहुकूम कशा पडल्या?

भाची : हा मुद्दा बळकट आहे, आणि मी तो निम्मा मान्य करते. निम्माच, कारण नकाशा डॉक्टरलाही ठाऊक असतो. हकीगत ओडिशाच्या जंगलातली आहे हे कळल्यावर तापाला हिवताप म्हणण्याकडे मन झुकतं, तीच हकीगत पंजाबातली असेल तर झुकत नाही.

माझं म्हणणं असं की या झटापटीत दोघंही जिंकत नाहीत, आणि तरी हाताशी काहीतरी लागतं. पुढं सरकारनंच नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं वर्षाला सुमारे चाळीस हजार मृत्यू असा अंदाज दिला. म्हणजे चार संस्थांचे चार आकडे: हजार, पंधरा हजार, चाळीस हजार, दोन लाख. यांची सरासरी काढणं हा शुद्ध वेडेपणा, कारण हे एकाच वस्तूचे चार फोटो नाहीत. इस्पितळातली नोंद खाली झुकलेली आहे हे पक्कं. घरच्यांच्या सांगण्यावरचं निदान रोग विरळ असेल तिथं वर झुकतं, मामाजींच्या किटसारखंच. खरं या दोहोंमध्ये आहे, आणि हजारापाशी ते खचित नाही. इतकं म्हणायला कुठल्याही अभ्यासाचा पुरा स्वीकार करावा लागत नाही. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल ठाण्यावर जाऊन जन्ममृत्यू सांगायचा आणि बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका रकान्यात पडायचे. त्या रकान्याला इतिहासकार निदान म्हणून वाचत नाहीत, पण साथीच्या वर्षी तो फुगलेला दिसला तर त्यांना साथ कळते. कोतवालाची चूक दर वर्षी सारखीच होती. दोन वर्षांच्या तुलनेत ती बऱ्याच अंशी कटून जाते.

चूक दोन्हीकडे सारखी असणं, तुलनेचा सगळा डोलारा यावर उभा असतो, आणि ती सारखी आहे हे गृहीत धरता येत नाही. शेजारच्या मंडल्याचं उदाहरण भाचीनं काढलं ते याचसाठी. २०१७ पासून तिथं राज्य सरकार, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि एका औषध कंपनीनं उभारलेली संस्था यांनी मिळून हिवताप निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प चालवला. १,२३३ गावं, प्रत्येक तापाचा माग, तपासणी, उपचार, आणि पुन्हा माग. तीन वर्षांत स्थानिक हिवताप ९१ टक्के घटला, असं त्यांनी प्रसिद्ध केलं.

मामाजी : ९१ म्हणजे कमालच. ते मला पटतं, कारण तिथं शोधणं वाढलं होतं. शोधणं वाढूनही आकडा उतरला तर उतार खरा.

भाची : अगदी बरोबर, इथं कल उलट्या दिशेचा होता आणि तरी घट दिसली, म्हणून रोग घटला हे मी मानते. पण तो प्रकल्पामुळं किती घटला हा प्रश्न वेगळा. देशातल्या नोंदी पाहा. २०१७ मध्ये ८.४४ लाख, २०२० मध्ये १.८६ लाख. म्हणजे देशभर ७८ टक्के घट, मंडल्यातला प्रकल्प नसताना. देशाचे शंभरातले बावीस उरले, मंडल्याचे नऊ. देशाच्या ओघानं जाऊन मंडल्यातही बावीस उरले असते असं धरलं, तर प्रकल्पाचं श्रेय बावीसाचे नऊ करण्याचं, साठेक टक्क्यांचं. हेही मोठं आहे, पण ९१ नाही.

मामाजी : देशाशी तुलना तरी न्यायाची आहे का? २०१८ ची ती मोठी घसरण बरीचशी ओडिशाची. तिथं मच्छरदाण्या वाटल्या, दुर्गम गावांत सरसकट रक्त तपासलं. शिवाय २०२० मध्ये कोरोना. माणसं घरात, पट्ट्या कपाटात. देशाचा १.८६ लाख हाच मुळात खाली झुकलेला. मग मंडल्याचं श्रेय तू उगाच कापलंस.

मामाजींनी इथं भाचीची तलवार भाचीवरच चालवली, आणि त्यांचं बरोबर आहे. मंडल्याच्या तुलनेला हवा होता तसंच सालाचं रान आणि तसेच नाले असलेला जिल्हा, त्याच काळात, त्याच हातांनी, तितक्याच चिकाटीनं मोजलेला. बालाघाट त्यासाठी हाताशी होता, पण बालाघाटात मंडल्यासारखी मोजणी झाली नाही, म्हणून दोघांचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत. हे करता येतं याचा पुरावा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं घरच्या घरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. जन्म-मृत्यूंची मोजणी मात्र दोन्हीकडे झाली. सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ५८ होते ते तिसऱ्या वर्षी ५९.६. प्रयोगात गावं चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, हा आक्षेप खराच आणि तो राहतो. पण ‘काळच बदलला’, ‘मोजणंच बदललं’ हे दोन आक्षेप त्या ५९.६ पाशी येऊन थांबतात. सेवा न मिळालेल्या गावातला प्रत्येक मृत्यू मोजून ठेवणं किती जड काम आहे, आणि ते करणं रास्त होतं का, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या पलीकडचा आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता बालाघाटाचा स्वतःचा दाखला, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. २०१३ साली जबलपूरच्या जनजातीय आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या जिल्ह्याच्या वनग्रामांत प्लाझ्मोडियम मलेरियाई या परजीवीचं नवं केंद्र सापडल्याचं प्रसिद्ध केलं. आयुर्वेद ज्याला चातुर्थिक ज्वर म्हणतो, एक दिवस ताप आणि दोन दिवस विसावा, तो याच्या जातीचा. काचपट्टीवर हा व्हायव्हॅक्सशी गल्लत होण्यासारखा दिसतो, आणि आशाताईच्या किटवर फॅल्सिपॅरम व व्हायव्हॅक्स या दोनच रेघा. रक्तातला जनुकीय ठसा तपासला तेव्हा तो ओळखू आला. इथं कुणी आळस केला नाही, कुणी आकडा दडपला नाही. विचारलेल्या प्रश्नात दोनच उत्तरं होती, म्हणून तिसरं ऐकू आलं नाही.

मामाजी : मी अशा पट्ट्या नक्की वाचल्या असतील, आणि व्हायव्हॅक्स लिहून पुढं गेलो असेन. म्हणूनच म्हणतो, सोडा हे आकडे.

भाची : सोडले की काय होतं ते ऐका. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख. हिशेबापुरते वर्षाला दीड हजार रोगी धरा. एपीआय ०.८८, एकच्या खाली, सगळे खूश. ते दीड हजार घाटावरच्या एक लाख लोकांतलेच असतील तर तिथला एपीआय १५. वारासिवनीची सपाटी बैहरच्या तापावर पांघरूण घालते. हे मी आकड्यानंच दाखवू शकते, मामाजी. तुम्ही आकडा फेकून दिलात तर माझ्याकडे उरेल तुमचा अनुभव, आणि बैठकीत समोरचा साहेब म्हणेल की त्याचाही अनुभव आहे.

मामाजी : तो साहेब तुझं हे सगळं ऐकून दुसरंच म्हणेल. म्हणेल, किट खोटं बोलतं, नोंद खाली झुकते, अभ्यासाला तुलना नाही. मग काहीच सिद्ध नाही, तर मच्छरदाण्या कशाला पाठवू? तुझी शंका त्याच्या खिशात जाते.

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याला ‘विज्ञानात शंका लागतेच’ एवढं उत्तर पुरत नाही. तंबाखूच्या कंपन्यांनी अनेक दशकं हेच केलं. शंका हाच त्यांचा माल होता. भाचीचं उत्तर मी माझ्या शब्दांत मांडतो. आकडा पुरेसा आहे का, हे कशासाठी यावर ठरतं. बैहरला मच्छरदाण्या पाठवायच्या असतील तर नोंद खाली झुकलेली असणं हे पाठवण्याच्या बाजूनंच बोलतं: दिसताहेत त्यापेक्षा रोगी जास्त आहेत, आणि दिसताहेत तेवढेच पुरेसे आहेत. तोच आकडा जिल्हा हिवतापमुक्त म्हणून घोषित करायला वापरायचा असेल तर तीच झुकलेली बाजू घोषणेच्या विरुद्ध जाते. साहेब शंका काढतो ती नेहमी खर्चाच्या वेळी, घोषणेच्या वेळी नाही. त्याला पकडायचं ते इथं. कलाची दिशा ठाऊक असली की शंका दोन्हीकडे सारखी वाटता येत नाही.

घोषणेची वेळ जवळ येते आहे. २०३० पर्यंत देशातून हिवताप घालवायचा असं ठरलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळायला सलग तीन वर्षं देशात जागच्या जागी लागण झालेला एकही रोगी निघता कामा नये. देशाची नोंद २०२१ मध्ये १.६१ लाखांवर उतरली होती, ती २०२३ मध्ये २.२७ लाखांवर चढली. हा चढ रोगाचा की कोरोनानंतर पुन्हा सुरू झालेल्या शोधाचा, हे वर सांगितलेल्या साक्षीदारांवाचून कुणालाही म्हणता येणार नाही.

भाची : शून्याचाही हिशेब असतो मामाजी. मोठ्या वस्तीतून तीनशे पट्ट्या काढल्या आणि एकही निघाली नाही, तरी शंभरात एकाला हिवताप असण्याची शक्यता पुसली जात नाही. तीनाला पट्ट्यांच्या संख्येनं भागा, तेवढ्यापर्यंत रोग लपलेला असू शकतो. तीन हजार काढल्या तर हजारात एक. तेही पट्ट्या सगळ्या टोल्यांतून, वाड्यावस्त्यांतून, सारख्या आल्या असतील तर. रस्त्याकडेच्याच घरांतून आल्या असतील तर हा हिशेबही लागू नाही. शून्य लिहिताना शेजारी पट्ट्या किती आणि कुठल्या टोल्यांतून, एवढं लिहा.

मामाजी : छापील रजिस्टरात त्याला रकाना नाही.

भाची : त्या चातुर्थिकालाही नव्हता.

मामाजी : म्हणून मी व्हायव्हॅक्समध्ये लिहिलं. बरं, शेऱ्याची जागा असते शेवटी, बोटभर रुंद. तिथं टोल्याचं नाव मावेल.